बाबा वर आहेत की इथेच उठणार?

एका वाचक मुलीचं पत्र आलंय. मोठं होतं म्हणून थोडं कमी करून देते.

"ताई, सलाम. आमचं गाव राहुरीजवळ, मी पुण्यात जॉबला. बाबा मे महिन्यात गेले. मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं की आपलं घर इथे नाही, वर आहे, बाबा आता त्यांच्या खऱ्या घरी पोचले. आईला त्याने खूप बरं वाटलं. पण त्यानंतर दोन बायका बायबल घेऊन घरी यायला लागल्या, बोलायला खूप चांगल्या आहेत, त्यांनी आईला स्तोत्र ३७ चं २९ वं वचन दाखवलं की नीतिमान पृथ्वीवरच कायम राहणार. त्या म्हणतात बाबा वरबिर कुठे गेलेले नाहीत, ते झोपलेत, वर फक्त १,४४,००० जाणार, बाकीचे इथेच उठणार. तिकडे दादा शहरातल्या एका प्रार्थना सभेला जातो, तिथले ब्रदर म्हणतात स्वर्गाचं नंतर बघू, देवाची वचनं आत्तासाठी आहेत, घर शेत सगळं शंभरपट मिळणार, फक्त विश्वासाने बी पेरा. दादाला बाबांच्या जमिनीतला अर्धा एकर विकून ते 'बी' द्यायचंय. आई रात्री झोपत नाही, मला विचारते, बाबा वर आहेत का खाली? ताई, तिघंही बायबलच दाखवतात. मग बायबलच दोन तोंडांनी बोलतं का? आणि पुढच्या महिन्यात स्मरणार्थ प्रार्थना आहे, तिथे कोणतं वचन वाचू?"

सलाम गं. बाबांचं वाचून वाईट वाटलं. आणि तुझ्या आईचं जास्त, कारण नवरा गेल्याचं दुःख एकीकडे, आणि आता तो नक्की कुठे आहे याच्यावर घरात तीन पार्ट्या पडल्यात. आधी एक सांगते, तिघांनी दाखवलेली वचनं खरोखर बायबलमध्ये आहेत, कोणी काही घुसडलेलं नाही. स्तोत्र ३७ मध्ये आहेच. मत्तय ५:५ मध्ये येशू स्वतः म्हणतो की सौम्य लोक पृथ्वीचे वतन भोगतील. आणि त्याच प्रवचनात सात वचनं पुढे, ५:१२ ला, तोच येशू म्हणतो की स्वर्गात तुमचं प्रतिफळ मोठं आहे. म्हणजे एकाच डोंगरावर, एकाच बैठकीत, त्याच लोकांना पृथ्वीपण आणि स्वर्गपण. तिथे बसलेल्यांपैकी कोणी हात वर करून विचारलं नाही की गुरुजी नक्की काय ते एक सांगा. मला वाटतं आपली गडबड तिथे होते की आपण हे दोन पत्ते समजतो, एक वरचा एक खालचा, आणि मग देवाने नक्की कुठल्या पत्त्यावर बोलावलंय हे शोधत बसतो.

तर जरा मागे जाऊ, कारण पृथ्वीचं वचन जिथून सुरू होतं तिथेच हा गुंता सर्वात चांगला दिसतो, म्हणजे अब्राहामापाशी.

उत्पत्ती १३ मध्ये देव त्याला म्हणतो, तुला दिसतो तो सगळा देश मी तुला आणि तुझ्या संततीला कायमचा देईन. १७:८ मध्ये पुन्हा तेच, कनान देश, सर्वकाळचं वतन. लक्षात घे, फक्त तुझ्या पोरांना असं नाही, तुलासुद्धा. आता २३ वा अध्याय उघड. सारा वारली, म्हातारा अब्राहाम उठला, आणि ज्या देशाचा देवाने त्याला मालक म्हटलंय त्या देशात बायकोला पुरायला त्याच्याकडे जागा नाही. तो हित्ती लोकांसमोर जाऊन म्हणतो, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला कबरेपुरती जागा विकत द्या. मग एफ्रोनशी जो व्यवहार होतो तो तू शांतपणे वाच, आपल्या तालुक्यातल्या कुणालाही कळेल असा आहे. एफ्रोन आधी म्हणतो अहो तशीच घ्या, पैसे कसले, मग हळूच म्हणतो, चारशे शेकेल रुप्याची तर जमीन, तुमच्या-माझ्यात त्याचं काय एवढं! अब्राहाम समजायचं ते समजतो, घासाघीस करत नाही, वेशीजवळ सगळ्यांच्या देखत चारशे शेकेल मोजून देतो आणि मकपेलाचं ते शेत, त्यातली गुहा, हद्दीतली झाडं, सगळं नमूद करून व्यवहार पक्का होतो. (ती जागा हेब्रोनमध्ये आहे, आजही यहुदी, मुसलमान, ख्रिस्ती तिघं तिला मानतात, आणि तिच्यावरून भांडणंही होतात, पण तो विषय आज नको.)

अख्ख्या वचनदत्त देशातली त्याच्या नावावर झालेली जमीन म्हणजे ही, एक कबर. तीही पूर्ण पैसे देऊन. प्रेषितांची कृत्ये ७:५ मध्ये स्तेफन हे अगदी रोखठोक बोलतो, देवाने त्याला पाऊलभरसुद्धा जमीन दिली नाही, पण देईन असं वचन दिलं. आणि इब्री लोकांस पत्र ११ म्हणतं की अब्राहाम तंबूत राहिला, वचनं न मिळताच मेला, त्यांना लांबून बघून हात हलवून गेला, कारण तो अधिक चांगल्या, म्हणजे स्वर्गीय देशाची वाट बघत होता.

आता इथे लोक दोन गटात फुटतात. एक म्हणतो, बघा, शेवटी स्वर्गच, जमिनीचं वचन नुसतं चित्र होतं. दुसरा म्हणतो, छे, देव जमीन म्हणाला म्हणजे जमीनच. पण एक तिसरा विचार फार जुना आहे आणि मला तोच सगळ्यात सरळ वाटतो. देवाने अब्राहामाला स्वतःला जमीन दिली म्हटलं, आणि तो न मिळता मेला, तर एकतर देव खोटा पडला, नाहीतर अब्राहामाला उठावं लागेल. तिसरा रस्ता नाही. दुसऱ्या शतकात लियोन शहरात बिशप असलेला इरेनियस अगदी हेच मांडतो, की पाऊलभर जमीन न मिळालेला अब्राहाम पुनरुत्थानात ती घेणार. आणि गंमत म्हणजे तालमूद या यहुदी धर्मग्रंथातही हाच युक्तिवाद आहे, निर्गम ६:४ मध्ये देव म्हणतो की देश 'त्यांना', म्हणजे अब्राहाम इसहाक याकोब यांना द्यायचा करार केला, आणि ते तर मेलेत, म्हणून धर्मगुरू म्हणतात की मेलेले उठणार हे मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. दोन धर्म, एकमेकांशी शंभर बाबतीत न पटणारे, इथे एकाच जागी येतात. आणि मेलेले उठतात हे न मानणाऱ्या सदूकी लोकांचं येशूने तोंड बंद केलं तेही याच्याच आसपास, मार्क १२ मध्ये, मी अब्राहामाचा देव आहे असं देव म्हणतो आणि तो मेलेल्यांचा देव नाही, जिवंतांचा आहे.

म्हणजे पृथ्वीचं वचन आणि स्वर्गाचं वचन यांना जोडणारी जी गोष्ट आहे ती पुनरुत्थान, आणि तुझ्या पत्रात बघ, तिघांच्या भांडणात पाळकसाहेब आणि ब्रदर यांनी तो विषय काढलेलाच नाही. काढला तो त्या दोन बायकांनी. त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता पाळकसाहेबांकडे येते. ते खोटं बोलले नाहीत, त्यांनी अर्ध सांगितलं. आपल्याकडे माती द्यायच्या वेळची गाणी घे, प्रार्थना घे, सगळं वर जाण्याचं, पैलतीराचं, सोन्याच्या नगराचं. पण त्या सोन्याच्या नगराचं प्रकटीकरण २१ मध्ये काय होतं? ते खाली येतं. योहान बघतो की नवी यरुशलेम स्वर्गातून देवापासून उतरते आणि आवाज येतो की देवाचा तंबू माणसांजवळ आहे, तो त्यांच्याबरोबर राहील. बायबलच्या शेवटच्या पानांवर माणसं वर चढत नाहीत, देव खाली राहायला येतो. आपण रोज प्रभूच्या प्रार्थनेत काय म्हणतो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आम्हाला इथून उचलून ने असं त्यात कुठे आहे? आणि विश्वासांगीकारात दर रविवारी उभं राहून शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणतो, मग माती देताना नेमकं तेच सोडून का देतो मला कळत नाही, म्हणजे कळतं, समोर रडणारी बाई असते आणि 'तो वर आहे' हे एका वाक्यात सांगता येतं, पुनरुत्थान एका वाक्यात बसत नाही.

मग १ पेत्र १:४ चं काय, तिथे तर स्पष्ट आहे की अविनाशी वतन तुमच्यासाठी स्वर्गात राखून ठेवलंय? हो, राखून ठेवलंय. आईने लग्नाचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेत म्हणून मुलीचं लग्न बँकेत लागत नाही. पुढचंच वचन वाच, तारण शेवटच्या काळी प्रगट व्हायला तयार आहे म्हणतं. फिलिप्पैकरांस ३:२० तसंच, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, इतकंच वाचून लोक थांबतात, पण वाक्य पुढे जातं की तिथून तारणारा येण्याची आपण वाट बघतो आणि तो आपल्या या दीन शरीराचं रूपांतर करेल. आणि हे लिहिलंय कुणाला, फिलिप्पैच्या लोकांना. ती रोमची वसाहत होती, इ.स.पू. ४२ च्या लढाईनंतर तिथे रोमच्या सैनिकांना जमिनी देऊन वसवलं होतं. त्या लोकांना नागरिकत्व रोमचं म्हणजे काय हे बरोबर माहीत होतं. रोमला परत जायचं असा त्याचा अर्थ नव्हता, मासेदोनियात राहून रोमच्या रीतीने जगायचं, आणि वेळ आली तर मदत रोमहून इकडे येणार.

योहान १४ मधल्या 'पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत' यातही येशू म्हणतो मी पुन्हा येईन आणि तुम्हाला माझ्याजवळ घेईन. भर 'माझ्याजवळ' वर आहे. कुठे, यापेक्षा कुणाजवळ.

आता त्या दोन बायका. १,४४,००० चं गणित आणि बाकीचे पृथ्वीवर, ही शिकवण यहोवाच्या साक्षीदारांची आहे. त्या चांगल्या बोलतात, बायबल मन लावून वाचतात, आपल्या मंडळीतले किती जण तेवढं वाचतात हा प्रश्न मी विचारणार नाही. पण ही दोन गटांची विभागणी आज आहे तशी १९३५ मध्ये पक्की झाली, वॉशिंग्टनच्या अधिवेशनात त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ रदरफोर्ड यांनी प्रकटीकरण ७ मधला 'मोठा समुदाय' म्हणजे पृथ्वीवर राहणारा गट असं मांडलं, त्याच्या आधी त्यांच्याचकडे तो समुदाय स्वर्गातलाच धरत होते. आता अध्याय उघडून बघ. १,४४,००० कोण, तर इस्राएलच्या बारा वंशांतले प्रत्येकी बारा हजार. १४:४ मध्ये वर ते स्त्रीसंगाने न विटाळलेले आहेत. आकडा अक्षरशः घ्यायचा तर हेही अक्षरशः घ्या ना, मग वर फक्त लग्न न केलेले यहुदी पुरुष जाणार, त्या बायका स्वतः पण नाहीत. वंश आणि ब्रह्मचर्य प्रतीक म्हणून घ्यायचं आणि मधला आकडा तेवढा मोजून घ्यायचा, हे मला पटत नाही. आणि तो जो मोठा समुदाय, तो ७:९ मध्ये राजासनासमोर उभा आहे, आणि १९:१ मध्ये मोठ्या समुदायाचा आवाज स्वर्गातूनच येतो. उलट ५:१० मध्ये तारलेल्यांबद्दल म्हटलंय की ते पृथ्वीवर राज्य करतील. म्हणजे ज्यांना वर ठेवायचं ते खाली येतात आणि ज्यांना खाली ठेवायचं ते वर दिसतात! प्रकटीकरणाला हे दोन कप्पे मान्यच नाहीत. पौलही इफिसकरांस ४:४ मध्ये एकच आशा म्हणतो, दोन नाही.

पण स्तोत्र ३७ च्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. पृथ्वी फेकून द्यायची वस्तू नाही. उपदेशक १:४ म्हणतो पृथ्वी सदा राहते. मग कोणी २ पेत्र ३ दाखवेल की पृथ्वी आगीने जळणार, तर त्याच अध्यायात ३:६ ला आहे की नोहाच्या वेळचं जग पाण्याने नाश पावलं. नाश पावलं, पण तीच जमीन पाण्यातून वर आली आणि नोहा तिच्यावरच उतरला. मी आगीचंही तसंच समजते, आणि पेत्र स्वतः ३:१३ ला नव्या आकाशाबरोबर नवी पृथ्वी म्हणतो. रोमकरांस ८ मध्ये सृष्टी कण्हतेय ती मोकळी व्हायला, संपायला नाही. जळणारच आहे तर कशाला काही करा म्हणणाऱ्यांना मी पंडिता रमाबाई दाखवते. १८९६-९७ च्या दुष्काळातून मुली उचलून आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, आणि स्वर्गावर त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा कमी नव्हता.

सगळंच नीट बसतं असं मात्र मी तुला सांगणार नाही. यशया ६५ मध्ये नव्या आकाशाचं आणि नव्या पृथ्वीचं जे वर्णन आहे ते मला फार आवडतं, लोक घरं बांधतील आणि स्वतः राहतील, द्राक्षमळे लावतील आणि स्वतः खातील, दुसऱ्याने बांधलेलं तिसऱ्याने बळकावलेलं असं होणार नाही. पण तिथे २० व्या वचनात शंभराव्या वर्षी मरणारा तरुण समजला जाईल असं आहे, म्हणजे मरण आहे. प्रकटीकरण २१:४ म्हणतं मरण नाही. काही जण म्हणतात यशयाचं ते प्रकटीकरण २० मधल्या, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचं, काही म्हणतात संदेष्टा आपल्या लोकांना समजेल अशा भाषेत दीर्घायुष्य सांगतोय. जुन्या काळचा बिशप ऑगस्टीन आधी पहिल्या बाजूचा होता, मग त्याने ते सोडलं आणि हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळ असा अर्थ लावला, आणि पश्चिमेकडचं चर्च बरंचसं त्याच्या मागे गेलं. मला दुसरं बरं वाटतं, संदेष्टा दारातून डोकावून जेवढं दिसलं तेवढं सांगतो. पण हे माझं मत, यावर तुझ्या पाळकांशी भांडू नकोस.

तर आईचा प्रश्न. बाबा आत्ता कुठे आहेत?

बायबलमध्ये याची दोन प्रकारची भाषा आहे, आणि खरं तर तुझ्या आईला त्रास याच दोन भाषांचा होतोय. एक झोपेची. मेलेला मित्र लाजर झोपलाय असं येशू म्हणतो, पौल १ थेस्सलनीकाकरांस ४ मध्ये झोपी गेलेल्यांबद्दल लिहितो. दुसरी जवळ असण्याची. वधस्तंभावरच्या चोराला आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, आणि पौल म्हणतो इथून जाऊन ख्रिस्ताजवळ असणं जास्त चांगलं. रोमन कॅथलिक आणि आपल्या जुन्या मंडळ्या दुसऱ्या भाषेवर जोर देतात, की आत्मा प्रभूजवळ आहे आणि शरीर उठायचं बाकी आहे. ॲडव्हेंटिस्ट आणि साक्षीदार पहिल्यावर, की मेलेल्याला काही जाणीव नाही, उठेपर्यंत. ते उपदेशक ९:५ दाखवतात, मेलेल्यांना काही कळत नाही म्हणून. पण उपदेशक ते 'सूर्याखालचं', म्हणजे इथून उभं राहून जेवढं दिसतं तेवढं सांगतोय, तिकडची बातमी देत नाहीये. मी आपल्या जुन्या मंडळ्यांच्या बाजूची आहे. आईला एवढंच सांग, बाबा प्रभूजवळ आहेत, आणि अजून उठायचे आहेत. दोन्ही वाक्यं सांग. नुसतं पहिलं सांगितलंस तर त्या बायका परत आल्या की ती परत हलेल, कारण तिने ते वचन डोळ्यांनी वाचलंय. आणि उठल्यावर नुसता धूर नाही गं. लूक २४ मध्ये उठलेला येशू शिष्यांना हातपाय दाखवतो आणि त्यांना विश्वास बसेना म्हणून भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. बाबांचे हात शेतकऱ्याचे होते, ते हात परत मिळणार हे तुझ्या आईला सोन्याच्या रस्त्यापेक्षा जास्त कळेल असं मला वाटतं.

त्या बायकांना घरी येऊ नका म्हणायचं का? आईला त्यांची सोबत बरी वाटत असेल तर चहा द्या, गप्पा होऊ देत, फक्त एकेक वचन सुटं वाचायचं नाही, आख्खा अध्याय मोठ्याने वाचायचा असा नियम घाल. त्यांनाही नाही म्हणता येणार नाही.

दादाचं मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. मार्क १०:३० मध्ये शंभरपट घरं आणि शेतं आहेत, खरं आहे. पण त्याच यादीत शंभरपट आया पण आहेत, आणि 'छळासहित' असंही लिहिलंय. शंभर आया कुठून येणार? मंडळीतून. तू घर सोडून आलास तर शंभर घरांचे दरवाजे तुला उघडे, असा त्याचा साधा अर्थ, सातबारा वाढण्याचा त्यात संबंध नाही. हे वचन ज्या पेत्राला दिलं तोच पेत्र थोड्या दिवसांनी मंदिराच्या दारात भिकाऱ्याला सांगतो, सोनं-रुपं माझ्याजवळ नाही. त्या ब्रदरांच्या हिशोबाने पेत्राचा विश्वास कमी पडला म्हणायचा. अनुवाद २८ मधले कोठाराचे आणि पावसाचे आशीर्वाद एका अख्ख्या राष्ट्राशी केलेल्या करारात आहेत, आणि ईयोब, यिर्मया, स्वतः येशू, ज्याला डोकं टेकायला जागा नव्हती, यांच्यावर ते वैयक्तिक स्कीमसारखे लावता येत नाहीत.

आणि यिर्मया २९:११, जे आपल्या प्रत्येक घरात कॅलेंडरवर आहे, तुमच्या हिताच्या योजना वगैरे, ते दादाला आधीच्या अध्यायापासून वाचायला लाव. २८ मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळणार, बाबेलचं जू मोडलं. लोकांना अर्थातच तेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणतो आमेन, असंच होवो, पण देवाने तुला पाठवलेलं नाही, आणि हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो. मग २९ मध्ये यिर्मया बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र लिहितो, घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा, सत्तर वर्षं लागणार. ऐकणाऱ्यातले बरेच जण तोपर्यंत जाणार हे उघड होतं. ते ११ वं वचन या पत्रातलं आहे! दोन वर्षांवाल्याच्या विरोधातलं.

आणि दादाला खरंच वचनावर विश्वास ठेवून जमिनीचा व्यवहार करायचा असेल तर ३२ वा अध्याय आहे. यरुशलेमला वेढा पडलाय, शहर पडणार हे नक्की, यिर्मया कैदेत, आणि देव त्याला सांगतो चुलतभावाचं अनाथोथचं शेत विकत घे. सतरा शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील, कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. स्वतः यिर्मयाला ते शेत कसायला मिळालं नाही, त्याला पुढे मिसरात नेलं. तर वचनावर भरवसा ठेवून त्याने जमीन घेतली आणि कागद जपून ठेवले. विकून कुणा संदेष्ट्याच्या हातात पैसे दिले असं नाही.

आता कागदाचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकते. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या मिळकतीतला एक तृतीयांश हिस्सा आईचा, आणि उरलेला मुलांचा, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे तुम्ही दोघंच भावंडं असाल तर तिघांचाही एकेक तृतीयांश. तेव्हा दादाला फार तर स्वतःचा हिस्सा विकता येईल, तुझा आणि आईचा हिस्सा धरून अर्धा एकर विकायचा तर तुम्हा दोघींची सही लागेल. तलाठ्याकडे वारस नोंद झालीय का बघ, नसेल तर अर्ज देऊन ये, तिघांची नावं लागू देत. त्यावरून दादाशी भांडण काढायची गरज नाही, आई आहे तोवर जमिनीला हात लावायचा नाही एवढं बोललीस तरी पुरे. आणि तुझी सही तू कोणाच्या सांगण्यावरून करू नकोस, कोणी कितीही वचनं म्हटली तरी.

प्रार्थनेला काय वाचायचं विचारलंस. उत्पत्ती २३ वाच, सगळा अध्याय, एफ्रोनच्या बोलण्यासकट, लोक थोडे हसतील पण चालेल. त्याच्यानंतर इब्री ११ ची ८ ते १६ वचनं आणि शेवटी प्रकटीकरण २१ ची पहिली पाच. पाळकसाहेबांना आधी फोन करून सांग की या वेळी पुनरुत्थानावर बोला, त्यांना आवडेल, हे असं सहसा कोणी मागत नाही. आणि त्या दोन बायकांनाही जेवायला बोलव.